ठरलेल्या पानांचा डाव

मधल्या सुटीची घंटा झाली कीं आमच्या कर्जतच्या शाळेच्या पटांगणांत मुलांचीं टोळकीं जमतात. कोणी चेंडूफळी मांडतात, कोणी हुतूतूचा पाट आंखतात. परंतु भिंतीच्या सावलींत बसणाऱ्या एका टोळक्यानें अलीकडे आमचें लक्ष वेधून घेतलें आहे. त्यांच्या हातांत रंगीत पत्ते असतात. एकावर क्रिकेटपटूचें चित्र, दुसऱ्यावर पहिलवानाचें, तिसऱ्यावर जपानी कल्पनासृष्टींतील एखाद्या प्राण्याचें. हे पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात व पाकीट फोडीपर्यंत आंत काय आहे हें घेणाऱ्यास कळत नाहीं. ज्याच्याजवळ जबर पत्ते, त्याची सरशी.

एके दिवशीं त्या टोळक्यापासून दोन हात दूर एक मुलगा आपले पत्ते खिशांत घालून नुसता पाहत उभा होता. “तूं कां खेळत नाहींस?” असें विचारतां तो म्हणाला, “सर, माझे पत्ते जुने झाले. ह्यांचे नवे आले आहेत, त्यांच्यापुढें माझे चालत नाहींत.” त्या वर्षीं पावसानें ओढ दिली होती व त्याच्या घरीं शेतीखेरीज दुसरा आधार नव्हता. नवीं पाकिटें कां येत नाहींत, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. मात्र तेव्हांपासून एक प्रश्न मनांत घोळत राहिला, तो हा कीं, जो खेळ रोज नवीं पानें मागतो तो श्रेष्ठ, कीं ज्याचीं पानें एकदांच ठरून गेलीं तो?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों असतां आम्हांस सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण झाली. आमच्या कोरडवाहू मुलुखापासून सावंतवाडी दूर, आणि येथील मुलांनीं गंजिफा बहुधा चित्रांतच पाहिल्या असतील. म्हणून त्यांविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेले वाटोळे पत्ते. बाबर बादशहानें १५२७ सालीं सिंधमध्यें शाह हसन ह्याजकडे गंजिफा धाडल्या, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे. मोगली संचांत आठ रंग व ९६ पानें असत. आपल्या लोकांनीं तो खेळ घेतला व त्यास दशावतारांचा साज चढविला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें, मिळून एकूण १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवें, परशुरामाच्या पानांवर परशु. अक्षरओळख नसलेल्या म्हातारीसही पान ओळखतां यावें, अशी ही योजना. सावंतवाडीचे चितारी कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनें चिकटवून, वर रंग व लाख देऊन हीं पानें तयार करीत. १९७० च्या सुमारास ही कला अगदीं विझण्याच्या बेतांत आली असतां राजेसाहेब शिवरामराजे भोंसले व राणीसाहेब सत्वशीलादेवी ह्यांनीं राजवाड्यांतच कारागिरांस जागा देऊन ती पुनः उजेडांत आणिली.

दशावतारी डाव तिघांचा. प्रत्येकाच्या वांट्यास चाळीस पानें. दिवसा खेळावयाचें तर रामाच्या रंगानें आरंभ, रात्रीं कृष्णाच्या. दहांपैकीं पांच रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या पांचांत एक्का मोठा. हुकुमाचा रंग मुळींच नाहीं. राजा पडला कीं प्रधान मोठा, प्रधान पडला कीं त्याच्या खालचें पान मोठें. अशा रीतीनें अगदीं हलकें पानही आपली वेळ येतांच हात जिंकून देतें. मात्र ती वेळ आली हें ज्याच्या स्मरणांत असेल त्यालाच कळतें. म्हणजे येथें जय मिळतो तो कोणतीं पानें पडलीं व कोणतीं राहिलीं ह्याची खूणगांठ मनाशीं बाळगणाऱ्यास. आणि हें स्मरण शक्य होतें, कारण पानें १२० आहेत व उद्यांही १२० च राहणार आहेत.

वाढत्या पानांचा मोह थोरांसही पडलेला आहे. म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियर (१७९४–१८६८) हे मोठे कल्पक राजे. त्यांनीं पत्त्यांचे अनेक नवे खेळ रचिले. लहानांत लहान संच ३६ पानांचा, तर मोठ्यांत मोठा ३६० पानांचा. चित्रें अप्रतिम, कल्पना विलक्षण. परंतु ते खेळ दरबाराबाहेर फारसे रुजले नाहींत.

आजकालचे उदाहरण अमेरिकेचें घ्यावें. गणिताचे अध्यापक रिचर्ड गारफिल्ड ह्यांनीं रचिलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ सालीं बाजारांत आला. आरंभीं त्याचीं पानें सुमारें तीनशें होतीं. आज तीं पंचवीस हजारांच्याही वर गेलीं आहेत. पुढें स्वीडनमधील कांहीं जुन्या खेळाडूंनीं आपसांत असा नियम केला कीं, १९९३ व १९९४ सालच्या पानांनींच खेळावयाचें. ही पद्धत इतर देशांतही पसरली. ज्यांस बाजार दरवर्षीं नवें देण्यास उत्सुक आहे, त्यांनींच आपण होऊन मर्यादा घालून घ्यावी, ह्यांत मर्म आहे. पानें ठरलीं म्हणजे डोळे दुकानाकडे न लागतां समोरच्या गड्याकडे लागतात. परिचित पानांतूनच नवी युक्ति काढावी लागते, आणि दहा वर्षांपूर्वींचा खेळाडू परत आला तरी त्याची विद्या वायां गेलेली नसते.

परंतु येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. त्या जुन्या अमेरिकन पानांपैकीं कांहींची किंमत आज लाखांच्या घरांत आहे. म्हणजे पानें नुसतीं ठरून भागत नाहीं. तीं सर्वांच्या आवांक्यांत असावीं लागतात. आपल्या घरोघरचा ५२ पानांचा जोड ह्या कसोटीस उतरतो. त्याच जोडानें आजोबा मेंढीकोट खेळले, त्याच जोडानें नातू खेळतो; आणि पाटलाच्या मुलाजवळचा एक्का मजुराच्या मुलाजवळच्या एक्क्याहून तिळभरही मोठा नसतो.

कित्येक पालक म्हणतील, “शाळेच्या मासिकांत पत्त्यांची स्तुति? पत्ते म्हणजे जुगार!” त्यांच्या भीतीचा आम्ही अनादर करीत नाहीं. पत्त्यांपायीं संसार धुळीस मिळाल्याचीं उदाहरणें गांवोगांवीं आहेत. तथापि जुगार पानांत नसून पैशांत असतो. त्या दृष्टीनें पाहतां, आंत काय आहे हें न कळतां पैसे मोजून बंद पाकीट घेणें, मनासारखें न निघाल्यास दुसरें घेणें, ह्यास काय म्हणावें? तेथें तर डाव मांडण्यापूर्वींच पैसा दैवावर लावून झालेला असतो. ज्या पालकांस घरांतील जुना जोड खुपतो, त्यांनीं मुलाच्या खिशांतील तें पाकीटही एकदां पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, तुमचे पत्ते टाकून द्या असें आम्ही म्हणत नाहीं. आमची सूचना इतकीच. वर्गांतील सर्वांनीं आपापले पत्ते एका पेटींत घालावे; त्या दिवसापासून त्यांत एकाचीही भर घालूं नये; खेळतांना ते पिसून सर्वांस सारखे वांटावे. चित्रकलेच्या तासास जुन्या लग्नपत्रिकांचे वाटोळे तुकडे कापून १२० पानांची आपली गंजिफाही करतां येईल. मग कोणाचें डोकें किती चालतें हें खरोखर दिसेल. आणि भिंतीपासून दोन हात दूर उभा असलेला तो मुलगा तुमच्यांत येऊन बसेल. कदाचित् पहिला डाव तोच जिंकेल. कारण इतके दिवस उभा राहून तो सर्वांचीं पानें पाहत होता.