रणांगण फक्त सीमेवर नसते

युद्धात मारला गेलेला पत्रकार म्हटले की दानिश सिद्दिकी आठवतात. १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात ते मारले गेले. पण बस्तरचे मुकेश चंद्राकर किती जणांना आठवतात?

एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातला सीआरपीएफ जवान सोडवून आणायला जे पत्रकार जंगलात गेले, त्यांत मुकेश होते. तिथून ते जिवंत परतले. पुढे त्यांनी रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार बाहेर काढला आणि ३ जानेवारी २०२५ रोजी कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला.

महाराष्ट्रात तर युद्धही नाही. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला रिफायनरीविरोधाच्या बातम्या देणाऱ्या शशिकांत वारिसे यांना गाडीने उडवले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

आपल्याकडे २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. पण तो नोंदणीकृत माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी कामावर असलेल्यालाच पत्रकार मानतो. स्मशानाची वाट अडवल्याची बातमी वस्तीतून मोबाईलवर देणारा आमचा पोरगा त्यात बसत नाही. मार मात्र तोच खातो.

१९२० साली ‘मूकनायक’ची पैसे देऊन जाहिरातही ‘केसरी’ने छापली नाही. आमच्या बातम्या आम्हालाच द्याव्या लागतात, हे तेव्हापासूनचे आहे.

आम्ही येवलेकर दर १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर जमतो. यंदा तिथून एक मागणी जाऊ द्या : कायद्यातली पत्रकाराची व्याख्या बदला. आणि ती बदलेपर्यंत, त्या पोराच्या मागे अख्खी वस्ती उभी राहू द्या.

जयभीम!