काता म्हणजे कवायत नव्हे

केन्दोच्या सराव-दिवशी चिलखते चढवून झुंजी तासन्‌तास चालतात. कातेच्या, म्हणजे ठरलेल्या तलवार-बंधांच्या वाट्याला मात्र अनेक ठिकाणी दिवस कलतानाचा अर्धा तास येतो. तोही श्रेणीची परीक्षा तोंडावर आली असेल तर. याचे समर्थन करणारे म्हणतात, काता म्हणजे पाठ केलेले नृत्य. दुसरीकडे तिच्यासमोर ‘प्राचीन’ म्हणून हात जोडणारे भाविक आहेत. आम्हांस दोघेही सारखेच आळशी वाटतात.

प्राचीन कसली? क्योतो येथे 1895 साली स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकु काइ या संस्थेने 1912 मध्ये निरनिराळ्या तलवार-संप्रदायांचे जाणकार एकत्र बसवून या दहा काता सिद्ध केल्या : सात लांब तलवारीच्या, तीन आखूड तलवारीच्या शिदाचीसाठी. आदल्याच वर्षी माध्यमिक शाळांत तलवारविद्येस प्रवेश मिळाला होता आणि सर्वांना चालेल असा पाठ हवा होता. थोडक्यात, हे पाठ्यपुस्तक मंडळाचेच काम! (मंडळाच्या हातून एवढे नेटके काही घडते, हे आपल्याकडील प्राध्यापकांना पटणे कठीण.)

आणि नृत्य? शिनाई ही बांबूच्या चार पट्ट्यांची, गोल. तिला धार कुठली हे हात विसरतो. लाकडी बोकुतोला पाठ आहे, धारेची बाजू आहे. वार कोणत्या अंगाने उतरतो हे काता विसरू देत नाही. त्याहून मोलाची तिची भूमिका-वाटणी. उचिदाची गुरुस्थानी; तो आधी वार करतो आणि दरवेळी हरतो. पहिल्या कातेत त्याने शिदाचीच्या मस्तकावर खराखुरा वार उतरवायचा असतो. शिदाची मागे सरून तो हुकवतो आणि पुढे येऊन उलट वार करतो. उचिदाचीने दयेपोटी वार आखूड केला, तर शिदाचीस मागे सरण्याचे कारणच उरत नाही आणि मग खरोखरच नाच होतो. तिसऱ्या कातेत तर निर्णायक घाव पडतच नाही; शिदाची केवळ मनोबलाने दाबत पुढे येतो, गुरू मागे हटतो.

ज्येष्ठाने प्रामाणिकपणे हरायचे, ही शिकवण झुंजीत मिळत नाही. तिथे ज्येष्ठ जिंकतोच. म्हणून आमची मागणी सरळ आहे : काता सकाळी घ्या, अंग ताजे असताना. आणि उचिदाचीची जागा नवशिक्यांच्या जोडीत चिठ्ठी टाकून वाटू नका. दालनातील सर्वांत जाणत्या माणसाने तिथे उभे राहावे, आणि दिवसभर हरावे.