विश्लेषण : घरी बनवलेला ‘बारगीर’ खेळाचा तोल का बिघडवतो?

छत्रपती संभाजीनगरच्या कोणा चार-पाच मित्रांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव मांडायचा ठरवला, तर कथेसाठी त्यांना युरोपातला किल्ला शोधण्याची गरज नाही. देवगिरीचा खंदक आणि तिथली काळोखी अंधारी शहराबाहेरच आहे. १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवणारा मलिक अंबर तर गनिमी काव्यासाठीच ओळखला जातो. अडचण येते ती पात्रांपाशी. मूळ पुस्तकात योद्धा आहे, जादूगार आहे, पण बारगीर नाही. तो घरी बनवावा लागतो, आणि प्रेमाने बनवलेला बारगीर इतका भारी होऊन बसतो की टेबलावरच्या बाकीच्यांना काम उरत नाही.

हा खेळ नेमका कसा असतो?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ आणला. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट सांगतो, शत्रू आणि संकटे उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि वीस बाजूंचा फासा टाकून आपल्या कृतीचे यशापयश ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक ‘क्लास’ असतो, म्हणजे पेशा. सुरुवातीला असे तीनच पेशे होते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते बारा झाले. याशिवाय खेळाडू स्वतः जे पेशे तयार करतात, त्यांना ‘होमब्रू’ म्हणतात. म्हणजे घरचा मसाला. प्रमाण चुकले की संपूर्ण भाजी बिघडते.

आकडे जुळले तरी तोल का जातो?

नवा पेशा बनवणारा बहुधा आधी नुकसानीचा हिशेब करतो. पाचव्या पातळीवरचा योद्धा एका फेरीत तलवारीचे दोन वार करतो. एक वार लागला तर सरासरी साडेआठ गुणांचे नुकसान होते, आणि तो लागण्याची शक्यता साधारण ६५ टक्के धरली, तर फेरीला सुमारे ११ गुण होतात. आता घरच्या बारगिरालाही भाल्याचे दोन वार दिले, तितक्याच जोराचे. तेही ११. हिशेब चोख.

फक्त बारगीर घोड्यावर आहे. माणूस एका फेरीत ३० फूट चालतो, घोडा ६० फूट धावतो. मूळ नियमांत शत्रूच्या टप्प्यातून निघणाऱ्याला पाठीवर वार बसू शकतो. ‘गनिमी कावा’ म्हणून बारगिराला त्यातून कायमची सूट दिली, की तो येतो, मारतो आणि निघून जातो. त्याला कोणी गाठू शकत नाही. पण समोरच्या चार शत्रूंचे वार हवेत विरत नाहीत. आधी ते दोघांत वाटले जात होते, आता चारही एकट्या योद्ध्यावर पडतात. बारगिराच्या सुरक्षिततेची किंमत शेजारी बसलेला मित्र मोजतो, आणि हे कागदावरच्या ११ विरुद्ध ११ मध्ये कुठेच दिसत नाही.

जादूगाराचा प्रश्न वेगळा, पण त्याच जातीचा. पाचव्या पातळीवर त्याचा आगीचा गोळा सरासरी २८ गुणांचे नुकसान करतो, तेही टप्प्यातल्या प्रत्येक शत्रूचे. बचावाचा फासा जिंकला तरी अर्धे होतेच. पण तो गोळा दिवसातून दोन-तीनदाच टाकता येतो. २०१४ च्या नियमपुस्तकाने खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या होत्या. रविवारच्या दुपारी चार तास मिळणाऱ्या मंडळींच्या एक-दोनच होतात. मग जादूगार सगळा दारूगोळा पहिल्याच लढाईत उडवतो आणि योद्धा हात चोळत बसतो. म्हणजे तोल पुस्तकात जितका असतो, तितकाच त्या टेबलाच्या घड्याळातही असतो.

मराठी घरांत याला जुना शब्द आहे : कच्चे लिंबू. खेळात आहे, पण धरलेला नाही. पाच जणांच्या टेबलावर कोणाला कच्चे लिंबू व्हावे लागत असेल, तर तो पेशा असमतोल आहे, मग त्याचे गणित कितीही सुंदर असो.

मग एखादी मोठी कमजोरी जोडून भागेल?

सहज सुचणारा उपाय हाच : मैदानात बारगीर अजिंक्य, किल्ल्यात निकामी. देवगिरीच्या अंधारीत घोडा चढत नाही, म्हणजे झाली बरोबरी. पण ती बरोबरी नव्हेच. मैदानात इतर चौघे बसून राहतात आणि किल्ल्यात बारगीर खेळणारा तासभर मोबाइल बघतो. कंटाळा आळीपाळीने वाटला एवढेच.

खुद्द प्रकाशकांनाही हा फटका बसला आहे. २०१४ च्या ‘रेंजर’ या रानवाटांच्या जाणकाराला ठरावीक भूप्रदेशातच खास कौशल्ये मिळत. डाव दुसरीकडे गेला की ती बासनात. खेळाडूंनी नाराजी व्यक्त केली, २०१६ मध्ये सुधारित रेंजर चाचणीसाठी आला आणि २०२० मध्ये ‘टाशाज् कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात या कौशल्याला सर्वत्र चालणारा पर्याय देण्यात आला.

इतिहासाची मदत होते का?

होते, पण त्यातले पराक्रम घेऊन मर्यादा टाकून दिल्या तर नाही. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळे. शिवकालीन पागेत २५ बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पाणी आणि नाल यांशिवाय वेग नाही. खेळात हेच बंधन उत्तम बसते : मारून निसटण्याची चाल लढाईत दोन-तीनदाच, मग घोड्याला विश्रांती हवी. शिलेदार हा वेगळा उपप्रकार करता येईल; त्याचा घोडा अधिक तगडा, पण मेला तर नुकसान त्याचे स्वतःचे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गनिमी कावा हा एकट्याचा खेळ कधीच नव्हता. १६२४ मध्ये भातवडीला मलिक अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूला चिखलात अडकवले. जमीनच आपल्या बाजूने वळवली. म्हणून बारगिराची खरी ताकद स्वतःच्या वारात न ठेवता हुलकावणीत ठेवावी. पाठलाग करणारा शत्रू योद्ध्याच्या टप्प्यात आला की योद्ध्याला एक जादा वार. हे पायी, अंधारीतही जमते. मग बारगीर निसटला की योद्ध्याचा चेहरा पडत नाही, खुलतो.

चाचणी कशी घ्यावी?

तिसऱ्या, पाचव्या आणि अकराव्या पातळीवर, आणि प्रत्येक वेळी खेळातल्या एकाच दिवसात तीन प्रसंग : एक उघड्या मैदानात, एक तटबंदीच्या आत, एक नुसत्या बोलाचालीचा. कोण किती वेळ गप्प बसले ते घड्याळ लावून पाहावे. नुकसानीच्या तक्त्यापेक्षा ते जास्त सांगते. ज्याने पेशा बनवला त्याने पहिल्या चाचणीत बारगीर घेऊ नये. योद्धा घ्यावा आणि चार वार अंगावर झेलून पाहावेत.

असा बारगीर टिकला, तर तो मराठीत छापून विकण्यातही अडचण नाही. परवान्याच्या अटी बदलण्याचा प्रयत्न खेळाडूंच्या रोषामुळे फसल्यावर ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’खाली खुला केला. त्यावर आधारित पेशा कोणत्याही भाषेत लिहिता येतो; ठरलेल्या शब्दांत श्रेय द्यावे लागते.