पडण्याचं कारण कोण विचारणार?

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा रुग्णालय

विषय : पडून आलेल्या वृद्धांना कारण न शोधता घरी पाठवण्याबाबत.

महोदय,

माझ्या लेखी अर्जांवर आपल्या कार्यालयाचा आवक शिक्का आहे, उत्तर मात्र एकाही अर्जाला नाही. म्हणून आता हे उघड पत्र.

माझी आई पहिल्यांदा पडली तेव्हा कॅज्युअल्टीत तिच्या कपाळाला टाके घातले, टीटीचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला. ते काम नीट झालं. पण केसपेपरवर ‘घरात पडल्या’ एवढंच लिहिलं. रात्री लघवीला उठताना तिला चक्कर आली होती. रक्तदाबाची आणि झोपेची, दोन्ही गोळ्या चालू होत्या. गोळ्यांची पिशवी मी टेबलावर ठेवली होती; कुणी उघडून पाहिली नाही. “वय झालं की होतं असं,” एवढं सांगून आम्हाला घरी पाठवलं. पुढे ती तशीच रात्री पडली आणि खुबा मोडला.

एकदा पडलेला वृद्ध पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते, हे आपल्याला मी सांगायला नको. लंडनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पडल्यामुळे अपघात विभागात आलेले, पासष्टी ओलांडलेले ३९७ लोक त्यात होते. १८४ जणांची सविस्तर तपासणी झाली, थेरपिस्टने घरी जाऊन घर पाहिलं. उरलेल्या २१३ जणांना नेहमीचेच उपचार मिळाले. वर्षभरात पहिल्या गटात पडण्याच्या १८३ घटना नोंदल्या गेल्या, दुसऱ्या गटात ५१०. एवढा फरक! आणि हे कळून पाव शतक उलटलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यातले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात.

तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. पाच मिनिटं झोपवून रक्तदाब घ्यायचा, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. वरचा आकडा २० ने उतरला तर चक्करेचं कारण तिथेच सापडू शकतं. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर धोका आहे. मग गोळ्या पाहायच्या, डोळे पाहायचे, मोरीत धरायला दांडी आहे का ते विचारायचं.

रात्रपाळीच्या डॉक्टरने गर्दीत हे सगळं करावं, असं माझं म्हणणं नाही. पण आपल्याच आवारात ज्येष्ठांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २० जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी खास सोय असावी असं सांगतं. तरी कॅज्युअल्टीतून तिथे जा, असं आम्हाला कुणी म्हटलं नाही. दोन विभागांमध्ये एक व्हरांडा आहे, आणि तेवढ्यासाठी माझी आई आज वॉकरशिवाय उठू शकत नाही. ही बेपर्वाई आहे.

साठीपुढचा जो कुणी पडून येईल, त्याच्या केसपेपरवर ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागाची तारीख लिहूनच त्याला घरी सोडावं. तो आला नाही तर फोन करावा, आशाताईंना घरी पाठवावं. तसा लेखी आदेश काढा. त्याला वेगळा निधी लागत नाही, आपली सही लागते.

आपली,
एका रुग्णाची मुलगी