आता खिळ्यांची सबब नको
फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. ती त्या काळाची अगतिकता होती. आज कोणती आहे? १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटविणारे कळफलकही मोबाइलवर आहेत. तरीही धर्मग्रामाच्या सूचना रोमन मराठीतच येतात! त्या लिपीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक होतात. ‘काळ’ आणि ‘काल’ यांतील भेद मावळतो. सोयीचा हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. मराठी बोलणारी आपली मुले उद्या मराठी वाचताना अडखळली, तर वाचकहो, दोष यंत्राचा नसेल.