सहा महिन्यांची नर्स

बारावीचा निकाल लागला कीं तालुक्याच्या गांवीं विजेच्या खांबांवर जाहिराती चिकटतात. 'सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी!' आमचा शेतकरी बंधु ती वाचतो, दावणीची म्हैस विकतो आणि फी भरून मोकळा होतो. त्या पैशांच्या मोबदल्यांत मुलीच्या पदरांत काय पडतें, हें आज आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे.

गेल्या पावसाळ्यांत एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आले. दोन वर्षें तिनें एका खासगी दवाखान्यांत रात्रपाळी केली, सलाईनें लाविलीं, इंजेक्शनें दिलीं. पण औषधाचें प्रमाण मोजावें कसें, हें तिला कोणीं कधीं शिकविलेंच नाहीं. पगार खुरपणाच्या मजुरीइतकाही पडत नव्हता. सरकारी जागा निघाली तेव्हां नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागितला गेला, आणि तिच्या सर्टिफिकिटाची किंमत तिला त्या दिवशीं कळली.

या शिक्षणाला १९४७ च्या कायद्यानें देशभर एक माप घालून दिलें आहे. आज ए. एन. एम. चा अभ्यासक्रम २ वर्षांचा व जी. एन. एम. चा ३ वर्षांचा आहे. तो पुरा झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या दप्तरीं नांव चढतें. सहा महिन्यांच्या कागदावर तें चढत नाहीं. दुकानदाराला हें पक्कें ठाऊक असतें, दवाखान्याच्या मालकालाही असतें. त्याला स्वस्तांत राबणारे हात हवेच असतात. ठाऊक नसतें तें फक्त आमच्या माणसाला. आणि खाटेवर पडलेला रोगी, तोही बहुधा आमच्यापैकींच, गणवेश पाहून तिला नर्स समजतो!

थोड्या मुदतीचें शिक्षण सगळेंच खोटें, असें आमचें म्हणणें नाहीं. रोग्याला कुशीवर वळविणें, अंग पुसणें, भरविणें, ताप पाहणें, हीं कामें शिकविणारे काही महिन्यांचे मदतनिसाचे वर्ग आहेत, व तें काम कष्टाचें आणि मानाचें आहे. पण मदतनीस म्हणजे नर्स नव्हे, एवढें तरी पैसे घेण्यापूर्वीं सांगा कीं! लॅबोरेटरी, एक्स-रे व ऑपरेशन थिएटर येथील तंत्रज्ञांसाठीं २०२१ चा कायदा आहे. त्यानें अशा पदविकेला निदान २,००० तास ठरविले आहेत आणि ते २ ते ४ वर्षांत पसरावयाचे आहेत. रोजचे सहा तास धरले तरी हे ३३३ दिवस होतात. तेव्हां सहा महिन्यांचा हिशेब ज्यानें त्यानें करून पाहावा.

कित्येक दुकानांत सावित्रीबाईंची तसबीर टांगलेली असते. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करितां करितां ज्या माउलीनें प्राण ठेविला, तिच्या डोळ्यांदेखत हा व्यापार चालतो.

दुकानें चालतात याचें कारण उघड आहे. सरकारी प्रशिक्षण केंद्रांत फी थोडी, पण जागा अपुऱ्या. त्या वाढविल्या पाहिजेत, आणि मान्यताप्राप्त संस्थांची यादी निकालाच्या आठवड्यांतच प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे. तोंवर, बंधूंनो, फी भरण्यापूर्वीं एकच विचारा: नांव कोणत्या कौन्सिलांत चढणार? उत्तर लेखी मागा. देण्यास कां-कूं केली तर तेथून उठा.

ती मुलगी यंदा जी. एन. एम. च्या पहिल्या वर्षाला बसली आहे. दोन वर्षें गेलीं तीं गेलींच. दावण अजून रिकामी आहे.