‘म्हणून’ आणि ‘आणि’

मराठी शिकवणाऱ्या माणसाला जिथे तिथे कर्ता शोधण्याची खोड असते. कुणीतरी काही करतो, म्हणून काहीतरी घडते, असे वाक्य हाती आले की आमचे समाधान होते. पण वाचकहो, निसर्गाला हे व्याकरण मान्य नसावे!

गच्चीवरच्या दोन टाक्या पाहा, तळाशी पाइपाने जोडलेल्या. यांत पाणी देणारी कोणती आणि घेणारी कोणती? पहिलीतले पाणी उपसले की दुसरी देते; पहिलीत भर पडू लागली की तीच दुसरी घेऊ लागते. दाता आणि याचक आधीच ठरवून गणित मांडले, तर ते दुपारपर्यंतही टिकायचे नाही.

ग्रोनिंगेन विद्यापीठातले गणिती यान विलेम्स (मृत्यू २०१३) यांनी यातून मार्ग दाखवला. यंत्रणेचे भाग प्रथम मनाने सुटे करावेत. प्रत्येकाचा नियम वेगळा लिहावा. मग सांध्यांचे नियम लिहावेत. सांध्याशी दोहोंकडचा दाब सारखा, आणि इकडून गेले तेवढेच पाणी तिकडे आले. हे सगळे नियम एकाच वेळी पाळले जातील असे जे जे घडू शकते, ते सबंध यंत्रणेचे वर्तन. म्हणजे नियमांना जोडणारा शब्द ‘आणि’, ‘म्हणून’ नव्हे! विजेच्या तारांच्या सांध्याविषयी किरखॉफने १८४५ सालीच असा नियम सांगितला होता: जेवढा प्रवाह आत येतो, तेवढाच बाहेर जातो.

हा नुसता शब्दच्छल नाही. १० जून २००० रोजी लंडनमध्ये थेम्स नदीवर पादचाऱ्यांचा मिलेनियम पूल खुला झाला आणि गर्दी चालू लागताच डावी-उजवीकडे झुलू लागला. पूल झुलला म्हणून लोक पावले टाकताना तोल सावरू लागले. लोक तोल सावरू लागले म्हणून पूल अधिक झुलला. आता अपराधी कोण? पूल उभा राहण्यास समर्थ होता, माणसेही नेहमीसारखीच चालत होती. हिशेबात कमी पडला तो दोघांमधला सांधा, पावलांखालचा! दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. झोके शोषून घेणारी साधने बसवल्यावर २००२ साली तो पुन्हा खुला झाला.

घरात कुरबूर झाली की आपण ‘सुरुवात कुणी केली?’ असे विचारतो. उत्तरे दोन मिळतात, आणि दोन्ही खरी असतात. पुढच्या वेळी सांधा तेवढा तपासून पाहावा.